छायाचित्रातील तरंग



‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण बहुधा माणसांना उद्देशून वापरतो. लांबून रुबाबदार वाटणाऱ्या गोष्टीचे खाचखळगे जवळ गेल्यावर दिसू लागतात, हा तिचा भावार्थ. परंतु ही म्हण दृष्टिशास्त्रातला एक नियमही सांगून जाते आणि तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. डोंगर दुरून साजरा का दिसतो? त्याचा एकंदर आकार, त्याची निळसर छटा, आकाशावर उमटलेली त्याची कड ही ठसठशीत लक्षणे दूरवरूनही डोळ्यांपर्यंत पोहोचतात. दगडधोंडे, काटेरी झुडपे, दरडींच्या भेगा ही बारीक लक्षणे मात्र वाटेतच गळून जातात. अंतर ही एक चाळणी आहे. ती जाड तेवढे पोहोचू देते आणि बारीक तेवढे मागे ठेवते.

आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, ही चाळणी आपल्याला हाती धरता येते. कोणत्याही छायाचित्रातील जाड आणि बारीक भाग तिने वेगळे करता येतात आणि एकदा वेगळे झाले की प्रत्येकाचा हिशेब निराळा ठेवता येतो. पुसट चित्र रेखीव करणे, अनेक चित्रांतून एक चांगले चित्र घडवणे आणि दोन चित्रे सांधा न दिसता जोडणे, ही तिन्ही कामे या एकाच युक्तीने होतात. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा आहे, घरोघरी आजोबा-पणजोबांचे पिवळे पडलेले फोटो ‘स्वच्छ’ करून घेतले जात आहेत आणि न्यायालयात छायाचित्र साक्षीदार म्हणून उभे राहत आहे. अशा वेळी चित्रात मुळात होते ते किती आणि मागाहून घातले ते किती, हे ओळखावे कसे? या प्रश्नाचा उलगडाही याच युक्तीतून होतो. म्हणून हा विषय केवळ हौशी छायाचित्रकारांचा नाही, आपणा सर्वांचा आहे.

चित्रात तरंग कोठून आले?

‘वारंवारता’ हा शब्द आपण ध्वनीच्या संदर्भात ऐकतो. गायनाच्या बैठकीत तंबोऱ्याचा खर्ज, तबल्याचा बोल आणि गायकाचा तार षड्ज हे सगळे एकाच हवेतून, एकाच वेळी कानावर येतात. तरी कान त्यांना वेगवेगळे ओळखतो. खर्जाची कंपने सेकंदाला थोडी, तार षड्जाची पुष्कळ. चित्रात सेकंद नाही. तेथे अंतर आहे. घरातला मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि बारीक दातांची फणी घ्या. बोटभर रुंदीत कंगव्याचे थोडेच दात मावतात, फणीचे कितीतरी. तेव्हा कंगव्याची वारंवारता कमी आणि फणीची जास्त, असे म्हणावयास हरकत नाही. चित्रातील वारंवारता ती हीच. ठरावीक अंतरात उजेड-अंधाराची चढउतार किती वेळा होते, एवढाच तिचा अर्थ.

आजचे छायाचित्र म्हणजे ठिपक्यांच्या ओळी. प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला एक आकडा दिलेला असतो. बहुधा ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. एखाद्या ओळीवरून मुंगीसारखे चालत जा. आकाशाचा भाग असेल तर आकडे सावकाश चढतील किंवा उतरतील. हा लांब, संथ तरंग झाला. लुगड्याच्या बारीक चौकड्यांवर, केसांवर किंवा पिंपळाच्या पानांच्या कडांवर आलात, तर आकडे क्षणात वर आणि क्षणात खाली होतील. हे आखूड, बारीक तरंग झाले. खऱ्या चित्रात हे सारे तरंग एकमेकांवर चढलेले असतात. चेहऱ्याच्या गोलाईचा लांब तरंग, त्यावर नाकाच्या सावलीचा मध्यम तरंग आणि त्यावर पापण्यांचे बारीक तरंग.

कितीही वेडावाकडा चढउतार असला तरी तो साध्या, नियमित तरंगांची बेरीज म्हणून मांडता येतो, हा विचार जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचा. त्याने तो १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला आणि १८२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याच्यापुढे प्रश्न चित्राचा नव्हता, उष्णतेचा होता. धातूची सळई जागोजागी कमीअधिक तापवली तर ती उष्णता सळईत कशी पसरते, हे त्याला काढावयाचे होते. त्याला आढळले की, उष्णतेचे बारीक चढउतार झपाट्याने मावळतात आणि लांब चढउतार रेंगाळतात. तरंगाची लांबी निम्मी असेल तर तो चौपट वेगाने मावळतो.

फूरियेची सळई बाजूला ठेवून आता पुसट फोटोकडे पाहा. कॅमेरा नीट लागला नाही किंवा हात हलला की चित्र पुसट होते. पुसट होणे म्हणजे नेमके काय? प्रत्येक ठिपक्याचा उजेड शेजाऱ्यांत थोडाथोडा सांडतो, सळईतल्या उष्णतेसारखाच. परिणामही तोच. लांब तरंग जवळजवळ जसेच्या तसे राहतात, बारीक तरंगांची उंची घटते. चित्रातील माणूस ओळखू येतो, पण त्याच्या मिशीचे केस मोजता येत नाहीत. पुसटपणा सगळ्या चित्राला सारखा खात नाही. तो बारकाव्यांना आधी खातो. हे ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे आहे.

डोळ्याचीही चाळणी

चित्र पाहणारा डोळा या तरंगांना कसा वागवतो, हे केंब्रिज येथील फर्गस कॅम्बेल आणि जॉन रॉबसन या संशोधकांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. त्यांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाळ्या माणसांना दाखवल्या. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा की, आपली दृष्टी चित्राकडे एकाच चाळणीतून पाहत नाही. निरनिराळ्या वारंवारतांसाठी तिच्यात निरनिराळे मार्ग आहेत. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली, तर तिची रुंदी साधारणपणे एक अंश भरते. तेवढ्या जागेत पट्ट्यांच्या तीन ते पाच जोड्या असतील, तर अगदी फिका फरकही आपल्याला कळतो. जोड्या पन्नास-साठांच्या पुढे गेल्या की पट्टे कितीही काळे-पांढरे असोत, सपाट करडा रंगच दिसतो. वर्तमानपत्रातील फोटो ठिपक्यांचा असूनही हातभर अंतरावरून अखंड दिसतो, तो यामुळे.

या गोष्टीचा मोठा गमतीदार उपयोग ओड ऑलिव्हा, अँटोनिओ टोराल्बा आणि फिलिप शिन्स यांनी केला. त्यांनी २००६ मध्ये ‘संकरित चित्रां’वर एक निबंध प्रसिद्ध केला. एका चेहऱ्यातले फक्त लांब तरंग घ्यावयाचे, दुसऱ्या चेहऱ्यातले फक्त बारीक तरंग घ्यावयाचे आणि दोहोंची बेरीज करावयाची, अशी ही रीत. ऑलिव्हा यांनी या रीतीने केलेले एक चित्र जगभर पोहोचले आहे. जवळून पाहिले तर त्यात विस्कटलेल्या केसांचा आइन्स्टाइन दिसतो. काही पावले मागे सरकले की तो नाहीसा होतो आणि सिनेनटी मॅरिलिन मन्रो दिसू लागते. चित्र एकच, कागद एकच, शाई तीच. बदलली ती फक्त आपली चाळणी. हे उदाहरण आपण लक्षात ठेवू, कारण शेवटी त्याची गरज पडणार आहे.

पुसटाने पुसटाला काढणे

आता पहिले काम घेऊ, चित्र रेखीव करण्याचे. बारीक तरंगांची उंची घटली हा रोग असेल, तर ती उंची वाढवणे हे औषध. पण त्यासाठी बारीक तरंग आधी वेगळे काढले पाहिजेत. येथे एक उलटी वाटणारी युक्ती आहे. चित्र आणखी पुसट करा आणि ते मूळ चित्रातून वजा करा. पुसट प्रतीत लांब तरंग तसेच राहिलेले असतात, म्हणून वजाबाकीत ते कटतात आणि खाली उरतात ते बारीक तरंग. पीठ चाळून कोंडा वेगळा करावा तसे.

कागदावर सहा आकडे मांडून पाहा. एका ओळीतील ठिपक्यांचा उजेड २०, २०, २०, ८०, ८०, ८० असा आहे. म्हणजे मध्यभागी अंधार संपून उजेड सुरू होतो. प्रत्येक ठिपक्याच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहा. टोकांच्या पलीकडेही तेच आकडे चालू आहेत असे धरू. पुसट ओळ मिळते ती अशी : २०, २०, ४०, ६०, ८०, ८०. मूळ ओळीतून ही वजा करा : ०, ०, उणे २०, अधिक २०, ०, ०. सपाट भागात काहीच उरले नाही. जे उरले ते कडेपाशीच. ही बाकी मूळ ओळीत मिळवा : २०, २०, ०, १००, ८०, ८०. कडेवरची उडी पूर्वी ६० ची होती, ती आता १०० ची झाली. काळी बाजू कडेपाशी अधिक काळी, उजळ बाजू अधिक उजळ. डोळ्याला कड धारदार वाटू लागते.

ही युक्ती संगणकाने आणली असे कोणी समजू नये. फोटोच्या काळोख्या खोलीत ती कित्येक वर्षे आधीपासून चालू होती. निगेटिव्हवरून एक फिकी आणि मुद्दाम पुसट केलेली पॉझिटिव्ह प्रत काढीत. दोन्ही एकमेकींवर अचूक बसवून त्यांतून छाप घेत. निगेटिव्ह जेथे काळी तेथे ही प्रत उजळ, त्यामुळे उजेड-अंधाराचे मोठे फरक परस्पर कमी होत आणि बारकावे शाबूत राहत. मग अधिक कडक कागदावर छाप घेतली की ते बारकावे उठून दिसत. डेव्हिड मॅलिन यांनी ऑस्ट्रेलियातील वेधशाळेत १९७० नंतरच्या दशकात याच रीतीने दूरच्या दीर्घिकांच्या फोटोंतून झाकलेले तपशील बाहेर आणले. आजही संगणकावरील फोटोच्या साधनांत या क्रियेचे नाव ‘अनशार्प मास्क’ असेच आहे. रेखीव करणाऱ्या साधनाचे नाव ‘अस्पष्ट मुखवटा’ का, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना त्याचे उत्तर या काळोख्या खोलीत मिळेल.

निसर्गानेही हा डाव फार पूर्वीच टाकलेला आहे. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये दाखवले की, उजेडाच्या चढाला जेथे सुरुवात होते आणि जेथे तो संपतो, तेथे प्रत्यक्षात नसलेली एक गडद आणि एक उजळ पट्टी आपल्याला दिसते. कारण पुढे हार्टलाइन यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. घोड्याच्या नालासारखा दिसणारा एक समुद्रजीव त्यांनी त्यासाठी निवडला होता. त्याच्या डोळ्यातील प्रत्येक घटक आपल्या शेजाऱ्यांना थोडा दाबतो, असे त्यांना आढळले. शेजाऱ्यांची सरासरी वजा करणे ते हेच. हार्टलाइन यांना १९६७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

तथापि औषधाची मात्रा असते. आपल्या ओळीत ० आणि १०० हे आकडे आले, ते मूळ दृश्यात नव्हते. मात्रा वाढवली की डोंगराच्या कडेला पांढरी किनार दिसू लागते. सुपारीएवढ्या चेहऱ्याभोवती देवादिकांच्या चित्रांत असते तसे वलय उमटते. शिवाय फिल्मचे कण, कॅमेऱ्यातील खरखर हेही बारीक तरंगच असतात. चाळणीला पापणीचा केस कोणता आणि खरखर कोणती हे कळत नाही. ती दोहोंनाही सारखेच उचलते.

उतरंड

आतापर्यंत आपण चित्राचे दोनच भाग केले. पण चाळण्या अनेक असू शकतात. पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन या दोघांनी १९८३ मध्ये यासाठी फार सुटसुटीत रचना मांडली. चित्र पुसट करा, वजाबाकी करा आणि सर्वांत बारीक थर बाजूला ठेवा. उरलेल्या पुसट चित्रात बारीक काही राहिलेच नाही, तेव्हा त्याला एवढे ठिपके कशाला? लांबी-रुंदी निम्मी करा. त्या लहान चित्रावर पुन्हा तीच क्रिया करा, मग पुन्हा. १०२४ ठिपक्यांच्या बाजूचे चित्र ५१२ चे होते, मग २५६ चे, १२८ चे. सर्वांत मोठे मडके खाली आणि त्यावर लहान लहान होत जाणारी मडकी, अशी आपल्या स्वयंपाकघरातली उतरंड आठवावी. प्रत्येक मडक्यात एका जाडीचे तरंग. सगळ्या थरांना पुन्हा मोठे करून बेरीज केली की मूळ चित्र तंतोतंत परत मिळते. जागाही फार लागत नाही. एक, अधिक पाव, अधिक पावाचा पाव, असे करीत गेले तरी एकूण बेरीज मूळ चित्राच्या एक पूर्णांक एकतृतीयांशापलीकडे जात नाही.

या उतरंडीचा पहिला उपयोग अनेक चित्रांतून एक चित्र घडवण्याचा. सूक्ष्मदर्शकाखाली माशी ठेवली तर तिचा डोळा स्पष्ट दिसतो तेव्हा पाय पुसट होतो आणि पाय स्पष्ट दिसतो तेव्हा डोळा पुसट. भिंगाचा हा स्वभावच आहे. मग निरनिराळ्या खोलीवर भिंग लावून अनेक फोटो घ्यावयाचे, प्रत्येकाची उतरंड रचावयाची आणि प्रत्येक थरात, प्रत्येक जागी, ज्या फोटोतला तरंग सर्वांत उंच असेल तो निवडावयाचा. पुसटपणा बारीक तरंगांची उंची घटवतो हे आपण पाहिलेच आहे. तेव्हा जेथे उंची जास्त, तेथे तो फोटो स्पष्ट. शेवटी निवडलेल्या थरांची बेरीज केली की डोळ्यापासून पायापर्यंत सगळी माशी एका चित्रात स्पष्ट दिसते.

उजेडाचेही तसेच. माजघरात बसलेल्या माणसाचा चेहरा नीट यावा असा फोटो घेतला तर खिडकीबाहेरचे अंगण पांढरेफटक होते. अंगण सांभाळले तर माणूस काळा पडतो. टॉम मर्टेन्स, यान काउट्झ आणि फ्रँक व्हान रीथ यांनी २००७ मध्ये कमीअधिक उजेडाचे असे अनेक फोटो उतरंडीच्या साहाय्याने एकत्र करण्याची रीत दिली. प्रत्येक जागी ज्या फोटोत तपशील आणि रंग नीट आले असतील त्याला जास्त वजन द्यावयाचे. बटन एकदाच दाबले तरी आजचे पुष्कळ मोबाइल एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांतून एक चित्र बनवतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

सांधा कोठे गेला?

दुसरा उपयोग मला सर्वांत सुंदर वाटतो, तो जोडकामाचा. एका डोंगररांगेचे शेजारी-शेजारी दोन फोटो घेतले. एकात आकाश किंचित उजळ आले, दुसऱ्यात किंचित गडद. दोन्ही कापून चिकटवले तर आकाशात सरळ उभी रेघ दिसते. गोधडीला लावलेल्या ठिगळाची शिवण दिसते तशी. मग म्हणाल, रुंद पट्ट्यात एक फोटो हळूहळू दुसऱ्यात मिसळू द्या. आकाशाची रेघ जाते खरी. पण त्या पट्ट्यात एखादे झाड असेल आणि वाऱ्याने त्याच्या फांद्या हलल्या असतील, तर दोन्ही फोटोंतल्या फांद्या एकमेकींतून भुतासारख्या दिसू लागतात. पट्टा अरुंद केला की फांद्या सुधारतात, आकाश बिघडते. रुंद करावा तरी पंचाईत, अरुंद करावा तरी पंचाईत.

बर्ट आणि एडेलसन त्या वेळी अमेरिकेत प्रिन्स्टन येथील आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी दाखवले की, पट्टा किती रुंद असावा हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. साऱ्या चित्राला मिळून एक रुंदी नसतेच. आकाशाचा उजेड हा लांब तरंग आहे. त्याला मिसळण्यास लांब पट्टा हवा. फांदी हा बारीक तरंग आहे. तिला बारीक पट्टा हवा. तेव्हा दोन्ही फोटोंच्या उतरंडी रचा, प्रत्येक थर त्याच्या तरंगाच्या लांबीच्या प्रमाणातील पट्ट्याने जोडा आणि मग थरांची बेरीज करा. जितका लांब तरंग, तितका रुंद सांधा. त्यांनी यासाठी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. डावीकडे अर्धे सफरचंद, उजवीकडे अर्धे संत्रे. सफरचंदाचा रंग सावकाश संत्र्याच्या रंगात उतरतो; सालीवरची बारीक खडबड मात्र थोड्या जागेतच पालटते. असे फळ कोणत्याही झाडाला लागत नाही, तरी डोळा ते एकच फळ म्हणून स्वीकारतो.

आपल्याकडचा रफूगर असाच वागतो. तो फाटलेल्या जागी ठिगळ ठेवून चार बाजूंनी टाके घालीत नाही. धागे दोन्हीकडच्या विणीत शिरवून टाकतो, म्हणून जोड कोठे सुरू झाला आणि कोठे संपला ते सांगता येत नाही. बर्ट आणि एडेलसन यांनी चित्रांना रफू केले. पण रफू चांगले झाले की एक गोष्ट घडते. वस्त्र फाटले होते, हा पुरावाच नाहीसा होतो.

असलेले आणि घातलेले

येथे आपण मूळ प्रश्नाशी आलो. पूर्वी बनावट फोटो ओळखण्यासाठी सांधा शोधत. आज सांधा सापडत नाही, यावरून फोटो खरा ठरत नाही. मग कशावर विसंबावे? माझे उत्तर असे की, चित्रावर काय केले, हे विचारावे. आणि जे केले त्याने बारीक तरंग उचलले की उसने आणले, हे पाहावे.

उचलणे आणि उसने आणणे यांतला फरक गणिताने स्पष्ट होतो. पुसटपणा म्हणजे प्रत्येक तरंगाच्या उंचीला एकाहून लहान आकड्याने गुणणे. एखाद्या तरंगाला अर्ध्याने गुणले गेले असेल तर दोनाने गुणून तो परत मिळतो. दशांशाने गुणले गेले असेल तर दहाने गुणावे लागेल. पण मग खरखरही दसपट होईल. आणि शून्याने गुणले गेले असेल तर? शून्याला कशानेही गुणा, शून्यच. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच सूक्ष्मदर्शकाबाबत दाखवून दिले होते की, कोणतेही भिंग एका मर्यादेपर्यंतचेच बारकावे पुढे जाऊ देते. त्यापलीकडचे चित्रात आलेलेच नसतात.

हबल दुर्बिणीचा इतिहास याचे चांगले उदाहरण आहे. ती २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली आणि लवकरच कळून आले की, तिचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा कडेला सुमारे दोन मायक्रोमीटरनी अधिक सपाट घासला गेला आहे. केसाच्या जाडीपुढेही नगण्य असा हा फरक, पण ताऱ्यांचा प्रकाश विखरू लागला. दोष नेमका कोणता हे माहीत असल्यामुळे शास्त्रज्ञांनी उलट गणित करून ग्रह आणि तेजस्वी तारे यांची चित्रे पुष्कळ सुधारली. अंधूक वस्तूंच्या बाबतीत मात्र ते गणित हतबल ठरले. तेथे खरखर प्रकाशाला वरचढ होती. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्तीचे आरसे बसवले, तेव्हाच दुर्बीण खऱ्या अर्थाने डोळस झाली. दोष माहीत असला, तर पडलेले उचलता येते; हरवलेले आणता येत नाही.

आता जुन्या फोटोंकडे वळू. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पुसट चेहऱ्याला क्षणात डोळे, पापण्या, त्वचेची रंध्रे बहाल करतात. हे बारकावे येतात कोठून? फोटोतून नव्हे, कारण तेथे ते नाहीतच. त्या साधनाला शिकवताना जे असंख्य चेहरे दाखवले गेले, त्यांच्या आधारे ते अंदाज बांधते. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये ‘पल्स’ नावाची अशी एक पद्धत प्रसिद्ध केली. बराक ओबामा यांचा मोजक्याच ठिपक्यांचा फोटो तिला दिला गेला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा रेखीव चेहरा पुढे केला. तिच्या हिशेबाने ते चुकीचे नव्हते. तो चेहरा लहान करून पाहिला तर दिलेल्या ठिपक्यांशी जुळत होता. एकाच जाड थराला जुळणारे हजारो चेहरे असू शकतात आणि त्यांतला कोणता खरा हे जाड थर सांगू शकत नाही.

आइन्स्टाइन आणि मन्रो यांचे चित्र आता आठवा. जाड थर एकाचा, बारीक थर दुसऱ्याचा. आजोबांच्या पुसट फोटोतून यंत्राने काढलेला लखलखीत चेहराही याच जातीचा असतो. चेहऱ्याची ठेवण आजोबांची आणि डोळ्यांतली चमक, सुरकुत्या, ओठांची कड परक्यांची. घरातली लहान मुले तोच चेहरा पाहत मोठी होतील आणि ज्यांनी आजोबांना पाहिले होते ती माणसे गेल्यावर तोच खरा ठरेल. न्यायालयात तर अशा चेहऱ्यावरून एखाद्याचे स्वातंत्र्य जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. आपल्या मोबाइलमधील फोटो बहुधा आधीच चाळलेला असतो. बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितावर १९९२ ची ‘जेपेग’ पद्धत उभी आहे. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करते, प्रत्येकाचे तरंग मोजते आणि बारीक तरंगांची नोंद ढोबळ ठेवते किंवा गाळते. एकदा गाळल्याने फारसे बिघडत नाही. पण फोटो इकडून तिकडे संदेशातून फिरत राहिला आणि दर वेळी पुन्हा आवळला गेला, तर बारकावे एकेक करून निघून जातात.

यावरून काय करावे, हे सांगून संपवतो. जुना फोटो प्रथम जसा आहे तसा, डागांसकट, चांगल्या बारकाईने स्कॅन करून घ्यावा आणि ती प्रत कोणालाही हात लावू न देता जपावी. रेखीव करावयाचा तो दुसऱ्या प्रतीवर. चाळणीने उचललेल्या बारकाव्यांना भिण्याचे कारण नाही. ते मुळातले असतात, फक्त थोडे मोठ्याने बोलतात. यंत्राने अंदाजाने भरलेला चेहरा करून घ्यावयाचा असेल तर जरूर घ्यावा. चित्रकाराकडून तसबीर काढून घेतो तसा. मात्र त्याच्या मागे तसे लिहून ठेवावे आणि शेजारी मूळ पुसट फोटो लावावा. पुसट फोटो आपल्याला माहीत नसलेले माहीत आहे असे भासवत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.